कापसाची प्रत आणि वहीतील आकडा

(यवतमाळ येथे भरलेल्या मंडळाच्या वार्षिक संमेलनातील व्याख्यान)



कार्यकारी मंडळाने आम्हांस व्याख्यानासाठी पाचारण केले, तेव्हा विषयाची निवड आमच्यावरच सोपविली होती. ज्ञातीच्या संमेलनात शिक्षण, वसतिगृह, विवाहातील खर्च हे विषय दरसाल निघतात आणि ते निघावयासही पाहिजेत. परंतु येथे जमलेल्या कुटुंबांपैकी कितीतरी कुटुंबांचा चरितार्थ ज्या एका वस्तूवर चालतो, ती वस्तू म्हणजे कापूस. कोणी तो पिकवितो, कोणी त्याची अडत करतो, कोणाचे जीन आहे, तर कोणी दुसऱ्याच्या जीनात मुनीम किंवा फिटर आहे. असे असूनही कापसाच्या भावाविषयी आपण जितके बोलतो, त्याच्या दशांशानेही त्याच्या प्रतीविषयी बोलत नाही. म्हणून आज कापसाची प्रत आणि ती सुधारण्यासाठी आकड्यांचा उपयोग कसा करावा, याविषयी चार शब्द बोलण्याचे आम्ही योजिले आहे. आमची काही वर्षे सूतगिरणीच्या चाचणी-विभागात गेली आहेत. तेव्हा बोलण्यात हिशेबी वळण आले तर श्रोत्यांनी सांभाळून घ्यावे.

आकडे आपल्या धंद्याला नवे नाहीत. कोणत्याही जीनाची खातेवही उघडून पाहा. कोणाचा माल किती क्विंटल आला, कोणत्या भावाने घेतला, उचल किती दिली, हमाली-मापाई किती झाली, याचा पैनपै हिशेब तेथे सापडेल. परंतु त्या मालात ओलावा किती होता, पाला-कचरा किती होता, त्या गंजीतून शेकडा किती रुई निघाली, सरकीला किती रुई चिकटून राहिली, हे विचारले तर मुनीम फोरमनकडे बोट दाखवितो आणि फोरमन म्हणतो, “नेहमीसारखेच आहे.” या ‘नेहमीसारखे’ या शब्दात आपला किती पैसा बुडतो, ते पुढे दाखवू. त्याआधी आपल्या वऱ्हाडच्या इतिहासातील एक गोष्ट ध्यानात घेणे अवश्य आहे, कारण तिच्यात आमच्या सांगण्याचे सारे मर्म आले आहे.

एके काळी आपल्या शेजारच्या हिंगणघाटचा बनी कापूस त्याच्या मऊ व बारीक धाग्यासाठी नावाजलेला होता. वऱ्हाडचा कापूस मुंबईच्या आणि लिव्हरपूलच्या बाजारात उमरावतीच्या नावाने, म्हणजे इंग्रजांच्या उच्चाराप्रमाणे ‘उमरा’ म्हणून विकला जाई. पुढे विसाव्या शतकाच्या आरंभी रोझियम नावाचा जाडाभरडा, आखूड धाग्याचा कापूस आपल्या शेतांत झपाट्याने पसरला. त्याचा धागा हलका होता. परंतु त्यातून रुईचा उतारा शेकडा चाळीसच्या घरात पडे, आणि बनीचा उतारा त्याहून पुष्कळच कमी असे. बाजारात बारीक धाग्याला जो चढा भाव मिळे, तो ही तूट भरून काढण्यास पुरेसा नव्हता. मग शेतकऱ्याने काय करावे? जे मोजले जात होते, तेच त्याने पिकविले. काट्यावर वजन मोजले जात होते, उतारा मोजला जात होता. धाग्याची लांबी मात्र अडत्याच्या दोन बोटांच्या चिमटीत अडकली होती. कित्येक विद्वानांनी त्या काळच्या शेतकऱ्यास अडाणी ठरविले. आमच्या मते तो अडाणी तर नव्हताच, उलट हिशेबात पक्का होता. अडाणीपणा कोठे असलाच, तर तो मोजमापाच्या पद्धतीत होता.

भेसळीविषयी कायदा झाला नाही, असेही नाही. अमेरिकेतील यादवी युद्धामुळे १८६१ ते १८६५ या काळात हिंदुस्थानच्या कापसाला सोन्याचे मोल आले आणि त्याबरोबर कापसात धूळ, सरकी आणि पाणी घालण्याची लाटही आली. मुंबई सरकारने १८६३ मध्ये कापसातील लबाडीविरुद्ध कायदा करून तपासनीस नेमले. पुढे तो कायदा रद्द झाला. कापूस मात्र त्याच्या धाकाने शुद्ध झाला नाही. त्यानंतर १९२५ मध्ये जीन-प्रेस कारखान्यांचा कायदा आला, आणि तो आम्हांस अधिक शहाणपणाचा वाटतो. त्याने प्रत्येक गाठीवर प्रेसची खूण व अनुक्रमांक घालण्याचे आणि माल कोणाचा रेचला व कोणाचा दाबला याची नोंदवही ठेवण्याचे बंधन घातले. दंडाच्या भयापेक्षा गाठीवरचा नंबर अधिक काम करतो, कारण तो माल कोठून आला हे सांगतो. गाठ कोठून आली हे कळल्यावाचून तिच्यातील दोष कोठे शिरला, हे कसे कळणार?

आता थोडे बाहेरच्या जगाकडे वळू. १९२४ हे साल आमच्या या विषयात मोठे योगायोगाचे आहे. त्या वर्षी अमेरिकेत टेलिफोनची सामग्री बनविणाऱ्या वेस्टर्न इलेक्ट्रिक कंपनीतील वॉल्टर शूहार्ट या शास्त्रज्ञाने आपल्या वरिष्ठांस एक लहानसे टिपण पाठविले आणि त्यात एक आलेख काढून दाखविला. आज जगभर ज्याला नियंत्रण-आलेख म्हणतात, त्याचा जन्म त्या टिपणात झाला. त्याच वर्षी जपानात साकिची टोयोडा यांचा स्वयंचलित माग सिद्ध झाला. त्याचा धागा तुटला की माग आपोआप थांबे, म्हणजे सदोष कापड पुढे विणलेच जात नसे. टोयोटा मोटारींच्या कारखानदारीची पुष्कळशी शिस्त या सुताच्या मागातून उतरली आहे, हे कापूसवाल्यांनी अभिमानाने ध्यानात ठेवावे. आणि त्याच १९२४ मध्ये मुंबईस माटुंगा येथे भारतीय मध्यवर्ती कापूस समितीची प्रयोगशाळा सुरू झाली. वेगवेगळ्या वाणांचा थोडा थोडा कापूस कातून, सुताची ताकद मोजून, कोणता वाण किती नंबरापर्यंत कातता येईल हे तेथे ठरविले जाऊ लागले. हीच संस्था आज केंद्रीय कापूस तंत्रज्ञान संशोधन संस्था म्हणून ओळखली जाते, आणि जिनिंगचे शिक्षण देणारे तिचे केंद्र आपल्या हाकेच्या अंतरावर, नागपुरास आहे. आपल्यातील किती जीनमालकांनी आपला फिटर तेथे शिकावयास पाठविला आहे, हा प्रश्न आम्ही येथे विचारून कोणास संकोचात टाकीत नाही.

शूहार्ट स्वतः १९४७-४८ मध्ये प्रशांतचंद्र महालनोबिस यांच्या निमंत्रणावरून भारतात आले होते, आणि येथील संख्याशास्त्रीय गुणनियंत्रणाच्या चळवळीला त्यामुळे चालना मिळाली. महाराष्ट्रानेही या शास्त्रात मागे राहिल्याची खंत बाळगावयास नको. सातारा जिल्ह्यातील बुधचे पांडुरंग वासुदेव सुखात्मे आणि त्यांचे सहकारी विनायक गोविंद पानसे यांनी शेतीसाठी संख्याशास्त्राची पद्धत घालून दिली. त्या दोघांचा ग्रंथ १९५४ मध्ये प्रसिद्ध झाला आणि शेतकी महाविद्यालयांतून पिढ्यान्‌पिढ्या अभ्यासला गेला. चिठ्ठी टाकल्याप्रमाणे शेते निवडावीत, ठरलेल्या मापाच्या तुकड्यातील पीक कापून तोलावे आणि त्यावरून साऱ्या तालुक्याचा अंदाज बांधावा, ही पीककापणी प्रयोगाची रीत आपण सर्व जाणतो. साऱ्या शेतांची मोजणी न करताही खरा आकडा मिळतो, मात्र नमुना निवडण्यात आवडनिवड येता कामा नये, हे तिचे तत्त्व. गंजीच्या वरच्या थरातील पांढरीशुभ्र मूठ उचलून “माल पाहा” म्हणणाऱ्या अडत्याची रीत याच्या अगदी उलट आहे.

आता जीनात चला. पहिला विषय पाण्याचा. समजा, नोव्हेंबरात १०० क्विंटल कापूस १२ टक्के ओलाव्याने काट्यावर आला. त्यात ८८ क्विंटल कोरडा माल आणि १२ क्विंटल पाणी असते. दोन महिन्यांनी रेचण्याच्या वेळी ओलावा ८ टक्क्यांवर उतरला, तर त्याच मालाचे वजन ९५.६५ क्विंटल भरते. म्हणजे ४.३५ क्विंटल माल कोणीही न चोरता नाहीसा झाला! अशा घटीपायी रात्रीच्या पहारेकऱ्यावर आळ आल्याचे आणि त्या गरिबाची चाकरी गेल्याचे प्रसंग आमच्या पाहण्यात आहेत. आत येताना आणि रेचताना असा दोन वेळा ओलावा मोजून वहीत लिहिला असता, तर चोर कोण हे पहिल्याच आठवड्यात कळले असते. हमीभावाच्या खरेदीत मूळ धरलेला ओलावा ८ टक्के आहे. त्यापुढे १२ टक्क्यांपर्यंत भाव त्या प्रमाणात कमी होतो आणि त्याहून अधिक ओला माल परत जातो. शेतकऱ्यास हे कळते ते ट्रॅक्टर भाड्याने करून, रांगेत ताटकळून, काट्यासमोर आल्यावर. २०२५-२६ च्या हंगामात लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला ८,११० रुपये होता. ओलाव्याच्या एकेका टक्क्याची किंमत काय, ते घरी हिशेब करून पाहावे.

दुसरा विषय उताऱ्याचा. शेकडा ३४ आणि शेकडा साडेतेहेतीस, यांत अर्ध्या किलोचाच तर फरक, असे कोणास वाटेल. परंतु हंगामात ५०,००० क्विंटल कापूस रेचणाऱ्या जीनात तो फरक २५० क्विंटल रुईचा होतो. १७० किलोची एक गाठ धरली, तर १४७ गाठी! एवढ्या गाठी गोदामातून गेल्या, तर गावात दवंडी पिटेल. त्या सरकीला चिकटून गेल्या, तर कोणाला पत्ताही लागत नाही.

येथे शूहार्टच्या आलेखाची खरी मातब्बरी आहे. आपल्या जीनाचा रोजचा उतारा महिनाभर लिहून ठेवा. सरासरी ३४ येईल, आणि एखादे दिवशी ३३.६, एखादे दिवशी ३४.४ असे ते हेलकावे घेत राहील. आता समजा, आज ३३.७ आले. मालक फिटरवर खवळला. उद्या ३४.१ आले. मालकास वाटते, आपण रागावलो म्हणून सुधारले. वस्तुतः दोन्ही आकडे त्या यंत्राच्या आणि त्या मालाच्या नेहमीच्या हेलकाव्यातले आहेत. मालक मूग गिळून बसला असता तरी उद्या बहुधा ३४ च्या आसपासच आले असते. अशा रीतीने रागावण्याची सवय लागते, फिटर रोज सुरीचा फट कमी-जास्त करीत बसतो आणि चांगले चाललेले यंत्र बिघडते. उलट एखादे दिवशी आकडा एकदम ३२.९ वर कोसळला, तर ते हेलकाव्याच्या बाहेरचे आहे. त्या दिवशी कोणती गंजी चालली, कोणते यंत्र कसे होते, हे त्याच सायंकाळी शोधलेच पाहिजे. आणि ओळीने सात-आठ दिवस आकडा सरासरीच्या खालीच रेंगाळत असेल, तर रोलरवरच्या खाचा झिजल्या काय, हे पाहावे. केव्हा स्वस्थ बसावे आणि केव्हा धावावे, एवढेच तो आलेख सांगतो. ज्यांनी संसार केला आहे त्यांस हे ज्ञान किती दुर्मीळ आहे, हे सांगणे नलगे.

तिसरा विषय कचऱ्याचा, आणि तोच आम्हांस सर्वांत जिव्हाळ्याचा वाटतो. प्लॅस्टिकच्या पोत्याचा तंतू, सुतळी, केस, चिंध्या, गुटख्याच्या पुड्या यांतले काहीही रुईत गेले की ते सुतात जाते. प्लॅस्टिकचा तंतू रंग पकडीत नाही. कापड रंगवून तयार झाल्यावर तो दोष डोळ्यांस दिसतो, आणि तोवर त्यावर कातण्या-विणण्याचा सारा खर्च होऊन गेलेला असतो. आपल्या जिल्ह्यात कापूस पिकतो, रेचला जातो आणि लोहाऱ्याच्या औद्योगिक वसाहतीत त्याच सुताच्या जातीचे डेनिमही विणले जाते. तेव्हा हे नुकसान कोठे परदेशात होते, असे म्हणण्याचीही सोय नाही. यावर उपाय म्हणून एखाद्या जाणत्या हमालाने प्रत्येक गंजीमागे निघालेला कचरा जातवार मोजून खडूने रेघा माराव्या. चार उभ्या आणि पाचवी आडवी. पोती मोजण्याची ही आपली जुनीच रीत आहे, आणि जपानी कारखान्यांतूनही नोंदीचे तक्ते अशाच खुणांनी भरतात. पंधरवड्यात ध्यानात येईल की, दहा जातींच्या कचऱ्यापैकी एक-दोन जातींनीच बहुतेक रेघा खाल्ल्या आहेत. पोत्याचे तंतू पहिले निघाले, तर वेचणीसाठी कापडी झोळ्या आणि वाहतुकीसाठी कापडी चादरी पुरविणे, हे दहा नोटिसा चिकटविण्यापेक्षा लाभाचे ठरेल.

आणि येथे पुन्हा रोझियमची गोष्ट आठवते. वेचणाऱ्या बाईस मजुरी किलोवर मिळते. दव सुकण्यापूर्वी वेचले तर वजन अधिक, बोंडाबरोबर पाला आला तर वजन अधिक. आपण तिच्या वेचणीचे वजन मोजतो आणि जीनात स्वच्छतेची अपेक्षा करतो! फरदडीचा आणि कवडी कापूस वेगळा वेचण्यास अधिक वेळ लागतो. त्या वेळेचे दाम कोणी देत नाही, म्हणून तो चांगल्यात मिसळतो. २०१७ च्या हंगामात गुलाबी बोंडअळीने आपल्या जिल्ह्यात जो हाहाकार केला, त्या वेळी किडका आणि चांगला एकाच ढिगात गेल्यावर चांगल्याचीही किंमत किडक्याच्या पंगतीस बसते, हे पुष्कळांनी अनुभविले.

सरासरी हा फसवा आकडा आहे. एका गाठीचा धागा २८ मिलिमीटर आणि दुसरीचा ३०. सरासरी २९ आली म्हणून गिरणीचे समाधान होत नाही. तिला सर्व गाठी एकसारख्या पाहिजेत, कारण तिची यंत्रे एका लांबीला लावलेली असतात. आज प्रयोगशाळेतील यंत्र रुईचा लहानसा नमुना घेऊन त्याची लांबी, ताकद, मायक्रोनेअर, रंग आणि कचरा असे सर्व थोड्या वेळात सांगते. लांब धाग्याच्या हमीभावाची जी प्रत धरली आहे, तिच्यात लांबी २९.५ ते ३०.५ मिलिमीटर आणि मायक्रोनेअर ३.५ ते ४.३ असे ठरलेले आहे. फेब्रुवारी २००० मध्ये केंद्र सरकारने कापसाची तंत्रज्ञान मोहीम काढली, आणि तिच्या साह्याने देशातील शेकडो जिनांत फरसबंद ओटे, वाहक पट्टे, नवे प्रेस आणि चाचणीच्या खोल्या आल्या. ओटे आणि पट्टे यांचा उपयोग होतो. चाचणीच्या खोलीत मात्र काही ठिकाणी रिकामी पोती ठेवलेली आम्ही पाहिली आहेत. डिसेंबर २०२२ मध्ये कापूस महामंडळ आणि वस्त्रनिर्यातीची टेक्सप्रोसिल ही संस्था यांच्यात करार होऊन ‘कस्तुरी’ या नावाने प्रमाणित भारतीय कापूस विकण्याचा उपक्रम निघाला. त्यात गाठीवर एक सांकेतिक चौकोन असतो, आणि त्यावरून तिचा मागोवा घेता येतो. १९२५ च्या कायद्यातील अनुक्रमांकाचेच हे नातवंड आहे.

आता जी गोष्ट सांगावयास जीभ अडखळते, ती सांगतो. आकडा हा दुधारी आहे. ओलावामापकाची सुई गंजीत कोठे खुपसावी, यावर तो काय दाखवील हे ठरते. सकाळी तळाशी खुपसली तर एक आकडा, दुपारी वरच्या थरात खुपसली तर दुसरा. केवळ भाव पाडण्यापुरते यंत्र बाहेर काढावयाचे असेल, तर शेतकरी त्यास यंत्र मानणार नाही, काटा मारण्याचीच ती नवी तऱ्हा आहे असे म्हणेल, आणि त्याचे म्हणणे आम्हांस खोडून काढता येणार नाही. पाच जागी मोजावे, पाचही आकडे त्याच्या देखत लिहावे, सरासरी त्याच्याच हाताने काढावी, आणि ओलावा ८ च्या आत निघाला तर तेही त्याच्या पावतीवर मांडावे. तसेच, उतारा घटला म्हणून फिटरचा पगार कापणारा मालक पुढील महिन्यापासून खोटा उतारा वाचीत बसेल. धाक दाखविला की आकडे सुंदर येतात आणि माल पूर्वीसारखाच राहतो. अमेरिकेचे डेमिंग १९५० मध्ये जपानी कारखानदारांपुढे व्याख्याने देण्यास गेले; कारखान्यातून भीती हाकलून लावा, हे त्यांच्या शिकवणीतील एक मुख्य कलम होते. आपल्याकडे यंत्रे येतात, तक्ते येतात, हे कलम तेवढे वाटेत गळते.

आपल्या जिल्ह्याचे नाव देशातील वर्तमानपत्रांत कोणत्या दुःखासाठी छापले जाते, हे या सभेत सांगावयास नको. वणीपासून उमरखेडपर्यंत असे गाव नसेल, जेथे त्या दुःखाने एखादे घर गाठले नाही. त्याची कारणे अनेक आहेत. पाऊस, कर्ज, भाव, आजारपण. एका वहीने ती दूर होतील, असे म्हणण्याचे धाडस आम्ही करणार नाही. परंतु राळेगावच्या किंवा घाटंजीच्या शेतकऱ्याने स्वच्छ, कोरडा, वेगळा वेचलेला कापूस आणला आणि त्याला शेजारच्या ओल्या-किडक्या मालाचाच भाव मिळाला, तर तो पुढील वर्षी तसा कापूस का आणील? जीनाच्या प्रयोगशाळेतला आकडा गिरणीपर्यंत जातो. तो मागे शेतापर्यंत कधी जात नाही. कोणत्या गावच्या, कोणत्या वाणाच्या, कितव्या वेचणीच्या मालाने काय लांबी आणि काय उतारा दिला, हे पिकविणाऱ्याला हंगाम संपण्याच्या आत कळविणे, हे काम सरकारची वाट न पाहता आपल्यातील जीनवाले आणि अडते उद्यापासून करू शकतात. त्यास एक वही, एक ओलावामापक आणि एक खरे बोलणारा मुनीम पुरे.

कार्यकारी मंडळाच्या संमतीने आम्ही काही तक्ते छापवून आणले आहेत. ते दाराशी मेजावर ठेवले आहेत. रकाने सहाच आहेत: गंजीचा क्रमांक, गाव, येतानाचा ओलावा, रेचतानाचा ओलावा, उतारा आणि कचऱ्याच्या रेघा. दसऱ्यानंतर पहिला कापूस येईल, त्या गंजीपासून भरावयास आरंभ करावा. ज्यांच्याकडे ओलावामापक नसेल त्यांनी दोघा-तिघांत मिळून एक घ्यावा, आणि हंगामापूर्वी तो तपासून आणावा. पुढील संमेलनास येताना भरलेले तक्ते बरोबर आणावेत. एका जागी बसून ते ताडून पाहू. फिटरचे नाव लिहिण्याचा रकाना त्यात मुद्दामच ठेवलेला नाही.